वाघाच्या जंगलात पायी: नेपाळच्या चितवन आणि बर्दियाला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

ताडोबाला किंवा पेंचला जाऊन आलेल्या प्रत्येकाला एक गोष्ट माहिती असते, जिप्सीतून पाय खाली टाकायचा नाही. वाघ दिसो न दिसो, पण आपण गाडीतच. मध्य प्रदेशात सातपुड्यात किंवा केरळात पेरियारला पायी फिरता येतं, पण ते सोडलं तर आपल्याकडे वाघाच्या जंगलात चालायला मिळणं अवघडच. आणि इथे शेजारी नेपाळमध्ये चितवनला आणि बर्दियाला रोज सकाळी दोन गाइड, हातात फक्त काठ्या, आणि मागे चार-सहा पर्यटक अशी रांग जंगलात शिरते आणि संध्याकाळी बाहेर येते. मी दोनदा जाऊन आलोय, एकदा चितवन आणि नंतर दोन्ही मिळून नऊ दिवस, ग्रुपबरोबर. त्यानंतर ओळखीतले इतके लोक तेच तेच प्रश्न विचारतात की म्हटलं एकदा सगळं सविस्तर लिहूनच टाकावं.

एक आधीच सांगतो. जास्त प्राणी बघायचेत म्हणून जाणार असाल तर जीपच घ्या, जीपमधून जास्तच दिसतात. पायी चालताना कमी दिसतं, पण जे दिसतं ते कळतं. ताजा ठसा कुठला, शिळा कुठला, वारा कुठून येतोय, चितळ ओरडलं ते कशाला, हे सगळं जमिनीवर पाय असल्याशिवाय अंगात उतरत नाही. ते हवं असेल तर पुढे वाचा.

आधी जागा कुठली ते ठरवा

चितवन हे नेपाळचं पहिलं राष्ट्रीय उद्यान, १९७३ सालचं, १९८४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. इथला राजा म्हणजे एकशिंगी गेंडा. २०२१ च्या गणनेत नेपाळमध्ये ७५२ गेंडे मोजले त्यातले ६९४ एकट्या चितवनमध्ये. म्हणजे चितवनला दोन दिवस चाललात तर गेंडा दिसण्याची शक्यता चांगलीच आहे, कधी कधी तर सौराहा गावाच्या रस्त्यावरसुद्धा संध्याकाळी गेंडा फिरताना दिसतो आणि दुकानदार शांतपणे शटर अर्धं खाली ओढून बघत उभे असतात.

बर्दिया पश्चिमेला, कर्णाली नदीच्या अंगाला, ९६८ चौरस किलोमीटर, गर्दी अगदी कमी. २००९ साली तिथे १८ वाघ होते, २०१८ ला ८७ झाले आणि २०२२ ला १२५. सगळ्या नेपाळचा आकडा १२१ वरून ३५५ वर गेला. वाघासाठी पायी जायचं तर बर्दिया. पण तिथे जंगली हत्तीही आहेत आणि हत्ती हे पायी चालणाऱ्याचं सगळ्यात मोठं टेन्शन आहे, त्याबद्दल पुढे लिहितोच.

माझं मत विचाराल तर पहिल्या वेळी दोन्ही करा पण चितवन आधी. तिथे आधी अर्ध्या दिवसाचं चालणं, मग पूर्ण दिवसाचं, असं अंग आणि कान दोन्ही तयार होतात आणि मग बर्दियात ठाकुरद्वारा गावात चार रात्री काढा. थेट बर्दियाला जाऊन पहिल्याच दिवशी नऊ तास जंगलात बसणारे लोक दुपारी कंटाळतात हे मी बघितलंय.

कधी जायचं

फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत. कारण गवत. तराईतलं, म्हणजे हिमालयाच्या पायथ्याच्या सपाट पट्ट्यातलं, हत्तीगवत इतकं उंच वाढतं की हत्तीवर बसलेला माणूससुद्धा त्यात दिसत नाही, तुम्ही पायी गेलात तर दोन्ही बाजूंना हिरवी भिंत आणि मधून हातभर वाट, गेंडा दहा फुटांवर असला तरी फक्त त्याच्या चघळण्याचा आवाज येणार. साधारण जानेवारीत आजूबाजूच्या गावातल्या लोकांना काही दिवस आत जाऊन खर, म्हणजे छपराला लागणारं गवत, कापायची परवानगी मिळते, नंतर उरलेलं जाळतात, मग कोवळे कोंब फुटतात आणि चितळ-गेंडे उघड्यावर चरायला येतात. सावरीची झाडं पण तेव्हाच लाल होतात, तिकडे तिला सिमल म्हणतात.

ऑक्टोबर-नोव्हेंबर हवा छान पण गवत उंच. डिसेंबर-जानेवारीत तराईत दाट धुकं, सकाळी दहापर्यंत काही दिसत नाही आणि विमानं तासन्‌तास लेट. मे महिन्यात उन्हाचा कहर, पण पाण्यावर वाघ दिसण्याची शक्यता सगळ्यात जास्त तेव्हाच, विदर्भातल्या लोकांना ते ऊन नवीन नाही. जून ते सप्टेंबर नको. पाऊस, जळवा, आणि डोंगरातले रस्ते कोसळतात.

कागदपत्रं आणि पैसे

भारतीयांना व्हिसा लागत नाही. पण विमानाने जाताना पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र हे दोनच धरून चाला, आधार कार्डावर भरवसा ठेवून निघू नका. आमच्या ग्रुपमधल्या एका काकांनी फक्त आधार आणलं होतं आणि मुंबई एअरपोर्टवर काउंटरलाच थांबावं लागलं, मुलाने घरून पासपोर्ट आणून दिला म्हणून वाचले.

भारतीय १०० रुपये म्हणजे नेपाळी १६० रुपये, हा दर १९९३ पासून बांधलेला आहे त्यामुळे हिशेब सोपा. मोठ्या भारतीय नोटांचे नियम मात्र बदलत असतात, निघायच्या आठवड्यात बँकेत विचारा आणि काठमांडूला उतरल्यावर नेपाळी रोख काढून घ्या, ठाकुरद्वारासारख्या ठिकाणी कार्डावर विसंबू नका. घड्याळ १५ मिनिटं पुढे करा, हे छोटं वाटतं पण पहाटे सहाला गाइड गेटवर उभा असतो आणि आपण आपल्या वेळेने तयार होत असतो.

ट्रॅव्हल इन्शुरन्स काढाच, आणि काढताना त्यात गाइडबरोबर जंगलात चालणं कव्हर होतं का हे लेखी विचारा. डेंग्यू, मलेरिया, धनुर्वाताचं इंजेक्शन याबद्दल आपल्या डॉक्टरांशी महिनाभर आधी बोला.

ग्रुप आणि गाइड, इथेच ट्रिप बनते किंवा बिघडते

बुकिंग करताना किंमत विचारायच्या आधी हे विचारा: एका रांगेत किती माणसं? गाइड किती? दोघांकडेही पार्कचं लायसन्स आहे का?

जंगलात पायी जाताना दोन गाइड लागतात, एक पुढे एक मागे. दोघांच्या मध्ये चार माणसं हे उत्तम, सहा ठीक, त्यापुढे नाही म्हणा. माझ्या पहिल्या ट्रिपला ज्यांच्याकडून बुकिंग केलं होतं त्यांनी आम्हा अकरा जणांना दोनच गाइड दिले. पुढच्याने हात वर करून थांबा म्हटलं की तो निरोप शेवटच्यापर्यंत पोचेपर्यंत मागचे पुढच्यांवर आदळत होते, पुढच्या तिघांना गेंडा दिसला आणि बाकीच्यांना फक्त गवत हललेलं दिसलं. आणि खरी गोष्ट म्हणजे तो गेंडा वळला असता तर अकरा जणांना चढायला झाडं कुठून आणायची होती? दुसऱ्या वेळी आम्ही दहा जण होतो पण आधीच सांगून दोन रांगा केल्या, चार गाइड घेतले, प्रत्येकी थोडे पैसे जास्त गेले, ते सगळ्यात योग्य जागी गेले असं मला आजही वाटतं.

पॅकेजमध्ये काय काय धरलंय तेही एकेक करून विचारा. पार्कची परमिट फी रोजची वेगळी असते, सार्क देशांच्या नागरिकांना ती इतर परदेशी लोकांपेक्षा कमी आहे, तर आपल्याला कुठला दर लावलाय ते बघा. नाव म्हणजे होडी, दुपारचं जेवण, परतीची जीप, दोन्ही गाइडचे पैसे, हे आत की बाहेर. या परमिटच्या पैशाबद्दल एक सांगतो, पार्कच्या उत्पन्नातला ३० ते ५० टक्के वाटा कायद्याने भोवतालच्या बफर झोनमधल्या गावांच्या कामांसाठी जातो. ज्यांच्या शेतात गेंडा रात्री भात खाऊन जातो त्यांच्यासाठी. म्हणून ती फी देताना मला कधी जड वाटलं नाही.

हत्तीवर बसून सफारी अजूनही विकली जाते. मी घेत नाही आणि तुम्हीही घेऊ नका असं सांगेन, हत्तीला त्यासाठी लहानपणी कसं मोडतात हे एकदा वाचलं की बसवत नाही. पायी चाला.

अंगाची तयारी

इथे लोक चुकतात. सिंहगड दर रविवारी चढतो म्हणजे हे जमेल असं वाटतं, पण तराई सपाट आहे, चढ नाहीच. दमवतं ते वेगळंच. सात-आठ तास हळूहळू चालणं, मध्येच थांबणं, वीस मिनिटं एकाच जागी उभं राहणं, परत चालणं, वर ऊन आणि दमट हवा. दीड महिना आधीपासून आठवड्यातून दोनदा पाठीवर दोन लिटर पाणी घेऊन सपाटीवर दहा-बारा किलोमीटर चाला, ज्या बुटांत जाणार त्याच बुटांत. आणि एक प्रॅक्टिस लोकांना विचित्र वाटते पण करा: बागेत किंवा टेकडीवर एक तास मोबाईलशिवाय, न बोलता, फार न हलता बसा. माझी मावशी ६३ वर्षांची, ती आमच्याबरोबर बर्दियाला आली, तिला चालण्यापेक्षा या बसण्याच्या सवयीचा उपयोग जास्त झाला असं ती स्वतःच सांगते. गुडघे दुखत असतील तर आधी सांगा, गाइड त्याप्रमाणे वाट निवडतात. बारा वर्षांखालच्या मुलांना पायी नेऊ नका, त्यांच्यासाठी जीप आणि होडी आहे.

बॅग

कपडे मातकट, शेवाळी, खाकी. लाल, पांढरा, पिवळा, भडक निळा नको, ओढणीसुद्धा नाही. पूर्ण बाह्या, पूर्ण पँट, लवकर वाळणारं कापड. जीन्स अजिबात नको, बर्दियात ओढे पायीच ओलांडायचे असतात, मांडीपर्यंत पाणी, आणि ओली जीन्स दिवसभर वाळत नाही. त्यासाठीच पट्ट्यांचे सँडल बॅगेत वेगळे ठेवा, बूट काढून गळ्यात अडकवायचे, सँडल घालून पार व्हायचं, पाय पुसून परत बूट.

दुर्बीण आणाच, ८ बाय ४२ (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) बरी पडते. मोठी कॅमेरा लेन्स झेपत असेल तरच. गाइडने पळा म्हटलं की पळता येईल इतकंच सामान पाठीवर हवं, हा खरा नियम. टोपी, दोन लिटर पाणी, ओआरएसची पाकिटं, डास आणि गोचीड यांच्यासाठी क्रीम. सेंट, अत्तर, वासाचं डिओ, केसाला वासाचं तेल हे त्या दिवसांपुरतं बंद.

आणि आपला खाऊ. चिवडा, भाकरवडी, लाडू सगळं न्या पण प्लॅस्टिकच्या पुडीत नको, घरूनच डब्यात किंवा कापडी पिशवीत भरा. सगळे चिडीचूप बसलेले असताना एक पुडी चुरचुरली आणि काठावर पाणी प्यायला आलेला सांबरांचा कळप क्षणात गेला, हे आमच्या डोळ्यांसमोर झालंय. तिकडे सांबराला जरायो म्हणतात. त्या दिवशी गाइड काही बोलला नाही, पण त्याचा चेहरा मला आठवतो.

पोचायचं कसं

काठमांडूहून भरतपूरला छोटं विमान जातं, अर्ध्या तासाच्या आत पोचवतं, तिथून सौराहा जवळ. रस्त्याने बस आहे पण मुग्लिन-नारायणगढ घाट आणि ट्रॅफिक धरून अख्खा दिवस मोजा. स्वस्तात आणि जमिनीवरून जायचं असेल तर मुंबईच्या लोकमान्य टिळक टर्मिनसहून (एलटीटी) कुशीनगर एक्सप्रेसने गोरखपूर, तिथून सुनौली बॉर्डर चालत ओलांडायची, पुढे बुटवल-नारायणगढ करत सौराहा. मी पहिल्या वेळी असाच गेलो होतो, वेळ असेल तर सुंदर आहे.

चितवनहून बर्दियाला महेंद्र राजमार्गाने पूर्ण दिवस जातो. अंबासा नावाच्या चौकात उतरायचं, तिथून ठाकुरद्वारा आत आहे, हॉटेलवाले जीप पाठवतात. बर्दिया पार्कमधून जाणाऱ्या या हायवेवर एक बघण्यासारखी गोष्ट आहे, चेकपोस्टवर गाडीला वेळ लिहिलेलं कार्ड देतात आणि पुढच्या पोस्टवर तुम्ही ठरलेल्या वेळेपेक्षा लवकर पोचलात म्हणजे गाडी जोरात हाकली, दंड. प्राणी गाडीखाली येऊ नयेत म्हणून. परतताना नेपाळगंजहून विमान, किंवा रुपैडिहा बॉर्डरवरून लखनौ.

जंगलात जायच्या आधीची दहा मिनिटं

गेटवर किंवा नदीकाठी गाइड तुम्हाला उभं करून चार प्राण्यांबद्दल सांगतो. फोन खिशात, गप्पा बंद, हे नीट ऐका, कारण प्रत्येक प्राण्यासाठी करायचं उलटसुलट आहे.

गेंडा: त्याला नीट दिसत नाही पण वास आणि आवाज पक्का कळतो. अंगावर आला तर नागमोडी पळायचं, सरळ नाही, आणि जाड झाड दिसलं की त्याच्या मागे, जमलं तर वर, निदान डोक्याएवढ्या उंचीवर. टोपी किंवा बॅग टाकली तर कधी कधी तो ती हुंगत थांबतो.

अस्वल: पळायचं नाही. सगळ्यांनी एकत्र घोळका करून उभं राहायचं, गाइड काठ्या जमिनीवर आपटतात, ओरडतात. गाइड लोक वाघापेक्षा अस्वलाला जास्त घाबरतात, कारण ते विचार न करता अंगावर येतं.

वाघ: पाठ फिरवायची नाही, पळायचं तर अजिबातच नाही, त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागे.

हत्ती: तो लांब असतानाच निघायचं. बर्दियात गाइडने हत्तीचं नाव काढलं आणि मागे फिरा म्हटलं की फोटोसाठी एक सेकंद पण नाही.

हे सगळं गोष्ट म्हणून सांगत नाहीये. या जंगलांच्या आजूबाजूला गेंडा, हत्ती, वाघ यांच्या हल्ल्यात माणसं मरतात, त्यात गावकरी असतात आणि गाइडही होते. ज्या घरातला कोणी मनापासून घाबरत असेल त्याला ओढून नेऊ नका, तो होडीत आणि जीपमध्ये सुखात फिरेल.

नेपाळी चार शब्द पाठ करा, बाकी आपली हिंदी चालते. बिस्तारै म्हणजे हळू. पर्खनुस म्हणजे थांबा. गाइडला नावाने हाक मारण्याऐवजी दाइ म्हणा, म्हणजे दादा, बाई असतील तर दिदी. आणि जंगलात बोटांची भाषा असते ती त्यांच्याकडून आधी शिकून घ्या, थांबा, खाली बसा, मागे या.

प्रत्यक्ष चालताना

चितवनमध्ये दिवस बहुतेक वेळा होडीने सुरू होतो. एकाच सिमलच्या बुंध्यातून कोरलेली अरुंद होडी, राप्ती नदीच्या पाण्याच्या वर जेमतेम वीतभर, आणि सकाळच्या वाफाळत्या पाण्यात चक्रवाकांच्या जोड्या. हात आत ठेवायचे, उभं राहायचं नाही. काठावर मगरी, आणि नशीब असेल तर लांब नाकाडाची घडियाल. कसरा इथे १९७८ पासून घडियालांचं प्रजनन केंद्र आहे, तिथे वाढवलेली पिल्लं नदीत सोडतात.

पलीकडच्या काठावर उतरलं की रांग लागते. एकामागे एक, दोन हात अंतर, पुढच्याच्या पावलावर पाऊल, वाळकी पानं आणि काटक्या टाळून. मागच्या गाइडच्या मागे कधीच राहायचं नाही. फोन सायलेंट नाही, बंद. आमचे पुढचे दाइ दर थोड्या वेळाने चिमूटभर माती उचलून सोडायचे, धूळ कुठे जाते ते बघायचे आणि त्याप्रमाणे वाट बदलायचे, वारा आपल्याकडून गेंड्याकडे जात असेल तर जायचंच नाही.

पहिल्या तासात तुम्हाला काहीच दिसणार नाही आणि वाटेल की पैसे वाया गेले. तेव्हा खाली बघा. आम्ही पहिल्यांदा थांबलो ते गेंड्याच्या शेणाच्या ढिगापाशी. गेंडे ठरलेल्या जागीच येऊन शेण टाकतात, एक नाही, अनेक गेंडे, त्यामुळे तो ढीग चांगला खाटेएवढा पसरलेला होता, खालचं काळं पडलेलं, वरचं अजून ओलं हिरवट आणि त्यावर शेणकिड्यांची लगबग. आणि त्या ढिगातून हातभर उंचीची दहा-बारा कोवळी रोपं वर आलेली. दाइंनी सांगितलं हे भेल्लरचं झाड, याची कडक फळं गेंडा पावसाळ्यात जंगलात खातो, चालत चालत उघड्या गवताळ भागात येतो, इथे टाकतो, आणि सावलीत न वाढणारं हे झाड उन्हात उगवतं. म्हणजे पुढे दिसणारी भेल्लरची राई ही जुन्या गेंड्यांनीच लावलेली. हे ऐकताना मी उकिडवा बसलो होतो, नाकात तो गवताचा, ओल्या गोठ्यासारखा वास, आणि त्या सकाळी गेंडा दिसलाच नसता तरी मला चाललं असतं. दिसला, अर्ध्या तासाने, डबक्यात पडलेला, फक्त कान आणि शिंग वर, चाळीस पावलांवर. त्याच्या श्वासाचा आवाज आम्हाला ऐकू येत होता. पाच मिनिटं बघितलं आणि आलो तसे मागे फिरलो.

ठसे बघताना पण घाई करू नका. वाघाच्या ठशाची कड धारदार असेल तर ताजा, कड ढासळलेली आणि त्यावर बारीक किड्यांच्या रेघा उमटल्या असतील तर रात्रीचा. साल वृक्षाच्या खोडावर नख्यांच्या उभ्या ओरखड्यांतून चीक गळतोय का ते बघा. वारुळं अस्वलाने फोडलेली असतील तर माती लाल-ओली की वाळलेली. दाइंना विचारा, ते सांगायला उत्सुक असतात, फक्त हळू आवाजात आणि ते थांबल्यावर.

शी-शूचं स्पष्टच लिहितो कारण बायका विचारायला संकोचतात आणि मग दिवसभर पाणी पीत नाहीत, ते फार वाईट. आत टॉइलेट नाही. गाइडला सांगायचं, ते आधी झुडपं बघून घेतात, मग एकटं फार लांब न जाता, बरोबर एक मैत्रीण घेऊन जायचं, गाइड पाठ करून उभे राहतात. कागद पिशवीत परत आणायचा. पाळीची तारीख आसपास असेल तर सामान जास्त आणि वेगळी बंद पिशवी.

बर्दियातलं बसणं

बर्दियाचा पायी दिवस म्हणजे खरं तर चालणं थोडं आणि बसणं जास्त. सकाळी ठाकुरद्वाराहून डबा घेऊन निघायचं, फ्राइड राइस, उकडलेलं अंडं, केळं, शाकाहारी किंवा जैन असाल तर आदल्या रात्री स्वयंपाकघरात सांगून ठेवा. मग दोन-तीन ओढे ओलांडत नदीच्या एखाद्या वळणाला उंच काठावर जायचं, जिथून दोन्ही बाजूंचं पाणी दिसतं, आणि झाडाआड बसायचं. चार तास, पाच तास. वाघ दुपारी उन्हात पाण्यात येऊन बसतो किंवा नदी ओलांडतो, त्या एका गोष्टीसाठी.

पहिल्या दिवशी आम्हाला काही दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी पण नाही, फक्त धनेशाच्या पंखांचा आवाज, तो वाफेच्या इंजिनासारखा येतो. तिसऱ्या दिवशी दीड वाजता पलीकडच्या काठावर चितळ ओरडलं, मग एक वानर, मग परत चितळ. दाइंनी नुसती हनुवटी वर केली. ताडोबात कॉल झाला की दहा जिप्स्या धावतात, इथे कोणीच हललं नाही. दहा मिनिटं काहीच नाही. मग गवतातून वाघीण बाहेर आली, वाळूवर उभी राहिली, पाण्याकडे बघितलं, आणि उलटी वळून शेपटीकडून पाण्यात बसली, मागच्या पायांनी आधी, जशी आपली आजी विहिरीच्या पायरीवर बसायची तशी सावकाश. वीस-पंचवीस मिनिटं ती तिथे होती. आमच्यातल्या कोणीही एक शब्द बोललं नाही, मावशीच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मधे फक्त नदी होती, दीडशे पावलांची, आणि आम्ही जमिनीवर होतो, तिच्यासारखेच.

तर बसायला जाताना पातळ चटई किंवा घडी करता येईल असं काहीतरी न्या. झोप आली तर झोपा पण घोरणाऱ्याला शेजाऱ्याने हलवावं. एकाने उजवीकडे, एकाने डावीकडे बघायचं अशी वाटणी करून घ्या, नाहीतर सगळे समोरच बघत राहतात. आणि चार वाजायच्या आसपास गाइड उठा म्हणाले की उठायचं, अजून दहा मिनिटं म्हणून हट्ट नको, अंधार पडायच्या आत बाहेर पडावं लागतं आणि परतीच्या वाटेवर हत्ती असू शकतात.

संध्याकाळी

आल्या आल्या सगळे कपडे झटका, गोचीड बघा, काखेत, गुडघ्यामागे, कमरेच्या पट्ट्याखाली. बूट चुलीपासून लांब वाळत ठेवा. जेवण दाल भात तरकारी, परत परत वाढतात, नको म्हणायला लवकर शिका. ठाकुरद्वाराला थारू घरात जेवायला मिळालं तर ढिक्री मागा, तांदळाच्या पिठाची वाफवलेली, चटणीबरोबर, आपल्याकडच्या उकडीची आठवण येते. थारू लोक या जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेत, जेव्हा मलेरियामुळे बाहेरचा माणूस तराईत टिकत नव्हता तेव्हापासून. तुमचा गाइड बहुधा थारूच असेल, त्याला लहानपणीचं जंगल कसं होतं ते विचारा.

बक्षिसी शेवटच्या दिवशी द्या, ग्रुपने मिळून, आणि दोन वेगवेगळ्या पाकिटांत. पुढचा गाइड बोलतो, दाखवतो, सगळे त्याच्याशीच ओळख करून घेतात आणि पैसे त्याच्याच हातात देऊन मोकळे होतात. मागे चालणारा बहुतेक वयाने लहान असतो, दिवसभर त्याची पाठ आमच्याकडे आणि तोंड आम्ही सोडून आलेल्या वाटेकडे असायचं, आम्ही समोर वाघीण बघत होतो तेव्हाही तो मागच्या झाडीकडेच बघत बसला होता. त्याचं पाकीट त्याच्या हातात द्या, आणि त्याचं नाव विचारून घ्या.